सुताचा हिशेब

ननीटनच्या स्टेशनमागं, टायरवाल्याला लागून
आमचं गॅरेज.
नोव्हेंबरात चारलाच दिवे लावावे लागतात.
त्या उजेडात बाई आल्या,
मॉरीन टनीक्लिफ, वय अठ्ठ्याहत्तर,
अंगात नवऱ्याचा रेनकोट, बाह्या दुमडलेल्या,
आणि मागून पुतण्यानं आणलेली
करडी जपानी गाडी.
आवाज एवढासाच,
कुणी ओठ मिटून हसावं तसा.

"विकायची आहे," म्हणाल्या.
"पण आधी सांग, हिच्यात आहे काय एवढं?
अकरा वर्षं रविवारचं जेवण गार झालं माझं."

मी गाडी लिफ्टवर घेतली,
बाईंच्या हातात बॅटरी दिली.

इंजिन पुढं. गिअरबॉक्स मात्र पार मागं, चाकांमधे.
आमच्याकडं कावड असते, म्हटलं,
खांद्यावर बांबू, दोन टोकांना दोन घागरी.
एकच घागर घेतलेला माणूस वाकडा चालतो.
वळणावर ही तोल धरते
ती मागच्या घागरीच्या जिवावर.

हे दोन शंख दिसतात ते टर्बो.
इंजिननं टाकलेला श्वास जाता जाता
यांची पाती फिरवतो,
पाती पुढचा श्वास आत कोंबतात.
उष्टंसुद्धा वाया जात नाही.
"नेव्हिल तसाच," बाई म्हणाल्या,
"चहाची एक पिशवी दोनदा."

क्लचही दोन.
तिसऱ्यात असताना चौथा
दाराशी चपला घालून उभाच असतो,
हाक मारायचा अवकाश.

माझे वडील उद्यमनगरात लेथवर.
त्यांच्याकडं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.
'सूतभर इकडंतिकडं झालं तर बिघडलं काय?'
गिऱ्हाईक म्हणायचं.
ते बोलायचे नाहीत,
जॉब परत चकात धरायचे.
मी शिकून मायक्रॉनवर आले.
गाडी खाली घेऊन प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला,
सिलिंडरच्या भिंतीवर फवारून बसवलेला
केसाएवढा पोलादी थर
बाईंना पडद्यावर दाखवू लागले,
तर दाखवण्यासारखं काही दिसेचना.
करडी, गप्प भिंत.
लोक सुतावरून स्वर्ग गाठतात.
इथं सूतच हातात,
आणि त्याचे तीन हजारांवर तुकडे.

मग इंजिनवरची पट्टी दाखवली.
बोटभर पत्रा, त्यावर नाव: वाय. कुरोइवा.
एक इंजिन एकच माणूस जोडतो,
बंद खोलीत, ठरल्या तापमानात,
धातूलाही उकडतं म्हणून.
बाईंनी चष्मा पुसला.
"म्हणजे इतकी वर्षं माझ्या घरात
परपुरुषाचं नाव होतं!"
हसल्या. मग थांबून,
"आहे का तो अजून?"
मला माहीत नव्हतं.

किंमत सांगितली. ऐकली असं वाटलं नाही.
"चालवून बघते," म्हणाल्या.
"विम्यात माझंही नाव आहे.
दरवर्षी भरत होता, वेडा."

वॉटलिंग स्ट्रीटला लागलो
आणि समोर शेणखताचा ट्रॅक्टर. ताशी अठरा मैल.
बाईंचे हात स्टीअरिंगवर, दहा वाजून दहा मिनिटं,
पाठ सीटला न टेकलेली.
साठचा वेग जिला तीन सेकंदांत गाठता येतो
ती त्या वासामागून
इतकी निमूट चालली,
ना हिसका, ना कुरकुर,
की त्या माणसाच्या हाताची जात कळली मला.
जोर काय, कुणीही भरतं.
हा आवर मात्र कुणीतरी
पाना धरून, कान देऊन,
पाव फेरा, पाव फेरा आवळला असणार.

हिंकलीच्या अलीकडं ट्रॅक्टर वळला.
पुढं ओला, रिकामा रस्ता.
बाईंनी माझ्याकडं पाहिलं.

मी पट्टा चाचपून घेतला.